धागा : संचमान्यता, अनुदान आणि वाडीतल्या शाळा – अधिवेशनाआधी आमदारांकडे नेमकं काय मागायचं?

गुहागरकर

मंडळी, अधिवेशन जवळ आलं की आपल्याकडे दोन ठरलेल्या बातम्या फिरायला लागतात. शिक्षक आझाद मैदानावर बसले ही एक, आणि अमुक आमदारांनी शिक्षणाच्या प्रश्नावर सभागृह दणाणून सोडलं ही दुसरी. दोन्ही खऱ्या असतात, तरी जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आमच्या वाडीत काहीही बदललेलं नसतं. म्हणून हा धागा काढतोय. इथे शिक्षक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, मुंबईकर आहेत. सगळ्यांनी मनावर घेतलं तर आमदारांच्या हातात देता येईल असं एक धड निवेदन तयार होईल.

मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पहिली ते पाचवी मिळून अकरा मुलं. पट लहान म्हणून आम्हाला मिळणारा पैसाही लहान. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चाचे पैसे, पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, पुढे चढत जाऊन हजाराच्या वर पट असेल तर एक लाख. आता या दहा हजारांत काय काय बसवायचं ते ऐका. विजेचं बिल, खडू, रजिस्टरं, संडासाची सफाई, पाण्याच्या टाकीचा तुटलेला नळ. शिवाय मे महिन्यात कौलं परतायची असतात. आमच्याकडे वांदर छपरावरून उड्या मारतात, दरवर्षी पाचपन्नास कौलं फुटतात. गेल्या मेमध्ये आम्ही पालकच शिडी घेऊन चढलो. वासे कुजलेत हे तेव्हा हाताला लागलं. वासा बदलायचा तर तो खर्च अनुदानात बसतच नाही. कौलाला आणि वाशाला मुलं अकरा आहेत की एकशे दहा याच्याशी काही देणंघेणं नसतं. पाऊस सगळ्या छपरांवर सारखाच पडतो.

हे झालं छपराचं. खरी धास्ती शिक्षकाची आहे. संचमान्यता म्हणजे पट बघून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं. १५ मार्च २०२४ चा तिचा शासन निर्णय आला आणि सगळी गणितं बदलली. त्या निकषांवर पुढची संचमान्यता झाली तेव्हा सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असलेल्या शाळांना चक्क शून्य शिक्षक मंजूर झाले. वर्ग आहे, मुलं आहेत आणि कागदावर शिक्षक नाही! रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा शाळा किती आहेत हे इथल्या प्रत्येकाला आपापल्या आजूबाजूला बघून कळेल.

माझं म्हणणं एवढंच. शाळेचा पैसा आणि शिक्षक डोकी मोजून ठरत राहिले तर कोकण प्रत्येक अधिवेशनात हरणार. आपल्याकडे डोकी कमीच होत आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. त्या काळात महाराष्ट्र वाढत होता. तेव्हा मागणी मोजमाप बदलण्याची हवी. निधी वाढवा, निधी वाढवा असं ओरडून आपल्या पदरात काही पडणार नाही.

बोला.

लांज्याचा मास्तर

गुहागरकर, विषय छान मांडलात. पण तुम्ही जिल्हा परिषदेचं बोलताय, मी संस्थेच्या माध्यमिक शाळेत आहे. आमचं दुखणं वेगळं आहे आणि ते विधिमंडळात वर्षानुवर्षं कसं लोंबकळत राहिलं तेही लोकांना कळू दे.

आमची शाळा 'कायम विनाअनुदानित', म्हणजे सरकारकडे पगाराचं अनुदान कधी मागायचं नाही या अटीवर सुरू झाली. २००९ साली सरकारने तो 'कायम' काढला. आम्हाला वाटलं, आता पगार सुरू. मग मूल्यांकन आलं, याद्या आल्या, अपात्र ठरल्या, पुन्हा पात्र ठरल्या. पहिला २० टक्क्यांचा टप्पा उजाडला २०१६ मध्ये. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा आंदोलनाशिवाय आलेला नाही. टप्पा म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. ४० टक्क्यांवर असलेल्या शिक्षकाला त्याच्या नियमाप्रमाणे होणाऱ्या पगारातले ४० टक्केच सरकारकडून मिळतात. तास पूर्ण, पेपर तपासणी पूर्ण, निवडणुकीचं काम पूर्ण, पगार मात्र अर्ध्याहून कमी. माझे एक सहकारी सुट्टीत आंब्याच्या बागेत पेट्या भरायला जात. दहावीचं गणित शिकवणारा माणूस.

आता गंमत नाही, चीड यावी अशी गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२४ ला वाढीव २० टक्के टप्प्याचा शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. निर्णय हातात, पण पैशाची तरतूद नाही. डिसेंबरचं अधिवेशन गेलं, मार्चचा अर्थसंकल्प गेला. ३० जून २०२५ ला पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या. आम्ही आमचं नाव शोधत बसलो. ८ आणि ९ जुलैला राज्यभर शाळा बंद ठेवून लोक आझाद मैदानावर जमले, धो धो पावसात. सगळ्या पक्षांचे नेते येऊन गेले, मंत्री मैदानात येऊन शब्द देऊन गेले, आणि मग मंत्रिमंडळाने निधीला मान्यता दिली. म्हणजे तीन अधिवेशनं आणि चिखलात बसलेले हजारो शिक्षक एवढी किंमत मोजल्यावर सरकारच्याच निर्णयामागे सरकारचेच पैसे आले.

त्याच पंधरवड्यात पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद पेटला होता. २९ जूनला हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले आणि वाहिन्यांवर दुसरं काही दिसत नव्हतं. भाषेचा प्रश्न मोठाच आहे, मीही त्या बाजूचाच. पण शिकवणाऱ्याच्या पगाराला दोन मिनिटं मिळाली नाहीत याचं वाईट वाटतं.

आणि निकाल? बोर्डाचं कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून आपण राज्यात वरच आहोत. २०२५ ला दहावीचा निकाल ९८.८२ टक्के. त्यात आमच्यासारख्या अर्ध्या पगाराच्या शाळाही आहेत.

डोंबिवलीकर चाकरमानी

मी खेडचा, तीस वर्षं डोंबिवलीत. राग धरू नका, पण एक प्रश्न विचारतो. अकरा मुलांची शाळा चालवण्यात मुलांचं भलं आहे का? एका खोलीत पाच इयत्ता, एकच बाई, तीही बैठकांना गेली की शाळा बंद. माझ्या पुतण्याला चौथीपर्यंत वर्गात जोडीदार नव्हता. पहिली ते चौथी वर्गात एकटा! खेळायला मुलं नाहीत, स्पर्धा नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळेचं, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याचं परिपत्रक आलं तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा आहेत असा आकडा होता. त्यांत शिकणारी मुलं एक लाख ८५ हजार. पानशेतला आणि तोरणमाळला असे प्रयोग झालेत. चांगली इमारत, प्रत्येक इयत्तेला शिक्षक, गाडी दारात. आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाने गावच्या शाळेला संगणक दिले, रंग काढून दिला, पण मुलंच नाहीत तर रंगवलेल्या भिंतींचं काय करायचं? मला खरंच कळून घ्यायचं आहे.

कुडाळची आवशी

चाकरमानी दादा, गाडी दारात येतली असा म्हणतास, पण आमच्या वाडीत दार खंय आणि रस्तो खंय? शाळा बंद झाली तर पोरांनी खंय जावचा?

जरा सविस्तर सांगते. आमच्या वाडीतून पुढच्या शाळेकडे जायचं तर मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा लागतो. त्यावर साकव आहे, लहानसा लाकडी पूल. जुलैत पाणी साकवावरून जातं. तेव्हा मोठी माणसंसुद्धा पलीकडे जात नाहीत. डांबरी रस्त्याने फिरून गेलं तर घाटी चढून, वळसा घालून जावं लागतं. कागदावर अंतर मोजणाऱ्याने पऱ्यातूनच रेघ मारलेली असते. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा म्हटलंय. रेघेने मोजलं तर बसतं, सहा वर्षांच्या पोरीच्या पायाने मोजलं तर नाही बसत.

मुलगा असेल तर घरचे त्याला कसाही पाठवतात. मुलीला पावसाळ्यात घरी ठेवतात, मग ती गणपतीपर्यंत घरीच. मी स्वतः बघितलेलं बोलतेय.

डोंबिवलीकर चाकरमानी

वहिनी, पऱ्याचं माझ्या डोक्यात नव्हतं असं नाही, पण त्याच्याकडे शाळेच्या हिशोबात बघितलं नव्हतं. मग असं करता येईल का, जिथे बारमाही रस्ता आहे तिथे पालकांना विचारून एकत्र करावं, आणि जिथे नाही तिथे वाडीतली शाळा राहू द्यावी?

निवृत्त केंद्रप्रमुख, सिंधुदुर्ग

चर्चा चांगली चालली आहे म्हणून थोडं लांबण लावतो. माझी नोकरी याच कागदांत गेली. निवेदन कुणाला द्यायचं हे आधी समजून घेतलं पाहिजे, कारण आपली निम्मी ताकद चुकीच्या दारात जाते.

विधान परिषदेत कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाचे आमदार आहेत ज्ञानेश्वर म्हात्रे, जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत बाळाराम पाटलांना हरवून आलेले. पदवीधर मतदारसंघाचे निरंजन डावखरे, २०२४ ला तिसऱ्यांदा निवडून आलेले. शिक्षकांचा प्रश्न म्हटला की लोक यांच्याकडे धावतात. पण राज्यघटनेतली तरतूद बघा. शिक्षक मतदारसंघात मत असतं ते माध्यमिक आणि त्याच्या वरच्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला तिथे मतच नाही. त्यामुळे लांज्याच्या मास्तरांचा टप्पा तिथे दर अधिवेशनात गाजतो आणि गुहागरकरांच्या अकरा मुलांसाठी कुणी घसा कोरडा करत नाही. त्या आमदारांना दोष देण्यात अर्थ नाही, मतदारसंघाची घडणच तशी आहे.

दुसरी गोष्ट. विधान परिषद चर्चा करू शकते, तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना लावू शकते, मंत्र्याकडून आश्वासन काढू शकते. पण खात्याच्या मागण्यांवर, मग त्या अर्थसंकल्पातल्या असोत की पुरवणी, मतदान फक्त विधानसभेत होतं. पैसा खालच्या सभागृहात मंजूर होतो. तेव्हा तुमच्या तालुक्याचा विधानसभेचा आमदार धरा.

तिथेही आपलं बळ मोजून घ्या. रत्नागिरीचे पाच आणि सिंधुदुर्गाचे तीन, २८८ मध्ये आठ. २०२४ नंतर या आठांपैकी गुहागर सोडलं तर सगळे सत्ताधारी बाजूचे. त्यातले उदय सामंत आणि नितेश राणे मंत्री झाले, दापोलीचे योगेश कदम राज्यमंत्री. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. म्हणून मंत्र्याला द्यायचं पत्र वेगळं आणि आमदाराला द्यायचं वेगळं. मंत्र्याकडे मंत्रिमंडळात विषय आणा असं मागायचं, आमदाराकडे तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) आणि कपात सूचना (खात्याच्या मागणीत कपात सुचवून त्या विषयावर बोलायची) मागायची. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जातात. अधिवेशन सुरू झाल्यावर फोटो काढत दिलेलं निवेदन नुसतं फायलीला लागतं.

सिंधुदुर्गाला हे चांगलं ठाऊक असायला हवं. समूह शाळेचं परिपत्रक निघालं तेव्हा शालेय शिक्षणमंत्री आपल्याच सावंतवाडीचे दीपक केसरकर होते. आपला माणूस खात्यावर असला म्हणजे आपली शाळा वाचते असं नाही. खातं चालतं वित्त विभागाच्या शेऱ्यावर, आणि वित्त विभाग एका शिक्षकामागे मुलं किती एवढंच बघतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात नुकसानीची गोष्ट म्हणजे जिल्हा परिषद. २०१७ ला निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. पूर्वी शाळेचा वासा कुजला की गटातला सदस्य शिक्षण समितीच्या सभेत टेबलावर हात आपटायचा. सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या पैशातून म्हणा, जिल्हा नियोजनमधून म्हणा, काहीतरी निघायचं. प्रशासकाच्या त्या वर्षांत हात आपटणारा कुणी नव्हता. आणि संचमान्यतेचा, समूह शाळेचा, कंत्राटी शिक्षकांचा असे सगळे मोठे निर्णय नेमके याच काळात आले. विधान परिषदेतली रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक स्वराज्य संस्थांची जागासुद्धा २०२४ ला मुदत संपल्यावर रिकामी राहिली, कारण मत द्यायला निवडून आलेले सदस्यच नव्हते. प्राथमिक शाळेसाठी बोलू शकणारी दोन्ही तोंडं एकाच वेळी बंद झाली.

कणकवली डीएड

सरांनी कंत्राटीचा विषय काढलाच आहे तर आमचंही ऐका. मी डीएड, टीईटी ही पात्रता परीक्षा पास, भरतीची टेट परीक्षा दिलेली. पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलवर राज्याची यादी लागते आणि आमच्या जिल्ह्यात घाटावरचे उमेदवार येतात. त्यांच्याबद्दल मनात काही नाही, तेही पोटासाठीच येतात. पण तीनचार वर्षांनी आंतरजिल्हा बदली घेऊन घरी जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात एकट्या रत्नागिरीतून शेकडो शिक्षक असे गेले आणि जूनमध्ये शाळा उघडायला माणूस नव्हता. मग आम्हाला बोलावलं, मानधनावर. तासभर चालून वाडीत जायचं, सगळ्या इयत्ता सांभाळायच्या, आणि नियमित शिक्षक आला की दुसऱ्या दिवशी घरी.

सप्टेंबर २०२४ मध्ये निर्णय आला की वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी राहील. २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. फेब्रुवारी २०२५ ला तो निर्णय रद्दही झाला. नियमित शिक्षकांच्या दृष्टीने जिंकलं. आम्ही मधल्या मधे. त्या निर्णयावर नेमलेल्या आमच्यातल्या मुलींना वाटलं होतं की निदान गावात राहून शिकवता येईल.

माझी मागणी निवेदनात घ्या. डोंगरी तालुक्यातल्या शाळांसाठी नियमित भरतीतच स्थानिक उमेदवाराला प्राधान्य द्या, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं बदली मागणार नाही अशी अट घाला. आम्ही सही करायला तयार आहोत. मालवणी बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला त्याची भाषा कळणारी बाई मिळाली तर ते पोर पहिल्या महिन्यातच बोलायला लागतं, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय.

लांज्याचा मास्तर

हिला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या संघटनेतल्या काहींना स्थानिक प्राधान्य पटणार नाही, मी त्यांच्याशी बोलेन.

राजापूरकर

सगळं ठीक, पण पैसा आणणार कुठून? लाडकी बहीणला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवलेत. तो खर्च चालू असेपर्यंत शिक्षणाला काही मिळायचं नाही. हे स्पष्ट लिहा निवेदनात.

कुडाळची आवशी

नको लिहू. त्या दीड हजारांतून मी मुलीची वह्या-पुस्तकं आणि रेनकोट घेतला. माझ्याच हातातलं काढून माझ्याच पोरीच्या शाळेला द्या असं मी का लिहून देऊ? सरकारने दोन्हीचा हिशोब करावा. आपण आपली मागणी मांडावी.

गुहागरकर

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. दुसऱ्या योजनेचं नाव निवेदनात यायला नको. नाहीतर चर्चा तिकडे वळेल आणि शाळा राहील बाजूला.

सगळ्यांचं ऐकून मसुदा असा करतोय. पहिली मागणी मोजमापाची. डोंगरी विकास कार्यक्रमासाठी सरकारनेच तालुक्यांची यादी केलेली आहे, त्या यादीवर रस्ते-साकवांना निधी मिळतो. तीच यादी संचमान्यतेला लावा. डोंगरी तालुक्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला पट काहीही असो दोन नियमित शिक्षक, आणि सहावी ते आठवीचा वर्ग चालू असेल तर शून्य शिक्षक हा प्रकार कायमचा बंद. दुसरी मागणी संयुक्त अनुदानाची. तीसच्या आतल्या शाळेला दहा हजारांवर राज्याने स्वतःच्या निधीतून इमारत देखभालीची वेगळी रक्कम द्यावी, ती पटावर न ठरता छपराच्या क्षेत्रफळावर ठरावी, आणि मेच्या आधी हातात पडावी. पावसानंतर आलेल्या पैशाने कौलं परतता येत नाहीत. तिसरी, एकत्रीकरण करायचंच असेल तर चाकरमानी दादांनी म्हटल्याप्रमाणे बारमाही रस्ता असेल तिथेच, ग्रामसभेच्या आणि व्यवस्थापन समितीच्या लेखी संमतीने. अंतर पायवाटेचं, पावसाळ्यातलं, समितीसमोर चालून मोजलेलं. चौथी कणकवलीच्या ताईंची. पाचवी मास्तरांची, कुठलाही टप्पा जाहीर करताना त्याच अधिवेशनात तरतूद झालीच पाहिजे.

सर, हे पाच मुद्दे एका प्रश्नात मावतील का?

निवृत्त केंद्रप्रमुख, सिंधुदुर्ग

मावणार नाहीत, आणि कोंबूही नका. प्रश्नात पाच गोष्टी घातल्या की उत्तर येतं, 'बाब शासनाच्या विचाराधीन आहे.' तारांकित प्रश्न फक्त पहिल्या मुद्द्यावर ठेवा आणि त्यात आकडा मागा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांत वीसच्या आत पटाच्या शाळा किती, त्यांत शून्य शिक्षक मंजूर झालेल्या किती, त्यांपैकी डोंगरी तालुक्यांत किती. आकडा मागितला की खात्याला तो गोळा करावा लागतो, आणि सभागृहात दिलेल्या उत्तरापासून नंतर पळता येत नाही. कौलांचा मुद्दा कपात सूचनेत जातो. टप्प्याचा विषय परिषदेतल्या शिक्षक आमदारांकडे द्या, त्यांची तयारी आहेच. स्थानिक प्राधान्याचा मुद्दा सेवाप्रवेशाच्या नियमांत अडकतो, त्यासाठी वेगळं पत्र, मंत्र्यांना.

आणि मंत्र्याने 'करू' म्हटलं तर तो शब्द नेमका कसा नोंदला गेला ते कार्यवृत्तात बघा. नोंद झाली असेल तर आश्वासन समितीकडे पाठपुरावा करता येतो. ती वाट आपल्याकडे फार कमी लोक वापरतात.

गुहागरकर, तुमच्या शाळेचा शाळा विकास आराखडा केलेला आहे का? कायद्याने तो समितीनेच करायचा असतो. त्यात कुजलेले वासे फोटोसकट लिहा, ठराव करा, आणि ती प्रत निवेदनाला जोडा.

गुहागरकर

आराखडा आहे, पण मुख्याध्यापकांनी एकट्याने भरलेला. त्यात वाशांचा उल्लेख नाही. येत्या बैठकीत नव्याने करतो. ज्यांच्या समित्या ठराव द्यायला तयार आहेत त्यांनी इथे फक्त तालुक्याचं नाव लिहा, शाळेचं नको. गुहागर मी धरलंय.

कुडाळची आवशी

कुडाळ धरा. साकवाचे फोटो पण देते, जुलैतले.

लांज्याचा मास्तर

लांजा. आमच्या शाळेत येणाऱ्या तीन वाड्यांच्या प्राथमिक शाळांशी बोलून ठराव आणतो.

डोंबिवलीकर चाकरमानी

खेड. रविवारी मंडळाची सभा आहे, विषय घेतो. मुंबईत आमदार निवासात जाऊन निवेदन देण्याचं काम आमच्याकडे सोपवा. अधिवेशनाच्या आधी कुठे आणि कधी भेटतात तेवढं सर सांगतील.